रणदिवे सरांचा ताळा

अनंता शेठनी कागदावरच्या आकड्यांची बेरीज बोटांच्या पेरांवर केली, ओठ हलवत केली, आणि कागद टेबलावर परत सरकवला.

"सेहेचाळीस. चार न् सहा दहा, दहाचा एक. बाई, हा आकडा चालायचा नाय."

विद्युल्लता टिपणीस यांच्या अंगाची लाही लाही झाली. भिवंडीतल्या या शाळेत त्या सव्वीस वर्षं गणित शिकवत होत्या. नाव इतकं लांब की मस्टरच्या रकान्यात मावत नसे, म्हणून सगळे नुसतं टिपणीस बाई म्हणत. मूर्ख माणसं त्यांनी पोत्यानं पाहिली होती, त्याचं काही नव्हतं. पण मूर्खपणा करताना चेहरा असा तृप्त ठेवणारा माणूस समोर बसला की त्यांना खरोखरच किळस यायची. त्यात हेडमास्तरांच्या खोलीतला तो चहा, वर साय धरलेला, पाकासारखा गोड. कप त्यांनी हातानेच लांब सारला.

"चालायचा नाही म्हणजे काय?"

"म्हणजे बेरीज नऊ पायजे. तुमी वडप्याला या एकदा. माझ्या गोदामासमोर अठरा गाड्या उभ्या असतात. अठराच का, तर एक न् आठ नऊ. त्यातल्या एकीचा तरी नंबर नवाच्या बाहेरचा दाखवा, गाडी तुमची."

हेडमास्तर चिंतामणी सबनीस हसले. देणगीदार काही बोलला की ते आधी हसत आणि काय बोलला ते मागाहून समजून घेत.

प्रकरण असं होतं. शाळेत गणितासाठी वेगळी खोली बांधून झाली होती, अनंता शेठांच्या देणगीतून. वडप्याची जमीन त्यांनी गोदामांना दिली तेव्हापासून त्यांना देणग्या द्यायचा नाद लागला होता. खोलीला नाव द्यायचं होतं याच शाळेत गणित शिकवलेल्या कै. अवधूत रणदिवे सरांचं, आणि दाराशेजारी संगमरवरी पाटी लागायची होती. पाटीवर सरांचं नाव, आणि खाली त्यांची संख्या. १२३४५६७८९१.

ही संख्या पाहून लोक हसत. स्टाफरूममध्ये हसत, सरांच्या घरी हसत. एक ते नऊ आणि वर पुन्हा एक! बालवाडीतलं पोर लिहील, त्याची पाटी कसली लावता? बाईंनी समजावून सांगायचं सोडून दिलं होतं. ज्याला ऐकायचंच नाही त्याच्यापुढे तोंड वाजवायचं कशाला?

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात दंगल पेटली आणि गावात कर्फ्यू लागला होता. माग बंद, दुकानं बंद, खिडक्या बंद. धामणकर नाक्यावर माणूस दिसेना. रणदिवे सर शाळेमागच्या दोन खोल्यांत अडकून पडले होते आणि रेडिओवरचे मेलेल्यांचे आकडे ऐकून त्यांचं डोकं फिरायची पाळी आली होती. एका सकाळी त्यांनी रेडिओ बंद केला, पाठकोरा कागद घेतला आणि त्यावर एक ते नऊ लिहून पुढे पुन्हा एक लिहिला. मग या संख्येला कुणाचा भाग जातो का ते बघायला बसले. दोनाचा जात नाही, तिनाचा जात नाही, पाचाचा नाही. सातानं भागलं तर बाकी चार. अकरा, तेरा, सतरा, एकोणीस. कुणीच तिला फोडू शकेना.

सर चटावले. जिला एक आणि ती स्वतः यांच्याखेरीज कुणाचाही भाग जात नाही, ती मूळ संख्या, हे पाचवीतलं पोर सांगतं. पण एवढी दहा आकडी संख्या मूळ आहे असं छातीठोक म्हणायचं तर तिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे पस्तीस हजार एकशे छत्तीसपर्यंतच्या झाडून सगळ्या मूळ संख्यांनी तिला भागून बघायला हवं. अशा संख्या साडेतीन हजारांच्या वर भरतात. म्हणजे तेवढे भागाकार, एकेक हातानं. सरांनी ते करायचं ठरवलं. हा काही शोध नव्हता आणि सरांना ते पक्कं ठाऊक होतं. "जगात कुणाला तरी माहीतच असणार हो," ते बाईंना म्हणत. "पण मला कुणी सांगितलं म्हणून नकोय. मला बघायचंय."

रोज दोन भागाकार, परीक्षेच्या दिवसांत एक. आणि प्रत्येक भागाकाराचा ताळा बघायचा देवूनं.

देवू वरठा म्हणजे शाळेचा शिपाई. डोंगराकडच्या पाड्यावरचा, चौथी शिकलेला. कर्फ्यूत तोही शाळेच्या आवारातल्या खोलीत अडकला होता आणि कंटाळून सरांच्या ओट्यावर येऊन बसत होता. सरांनी त्याला ताळ्याची जुनी रीत शिकवली. अंकांची बेरीज करायची, एक आकडा उरेपर्यंत करत राहायची, नऊ आले की शून्य धरायचं. सरांच्या संख्येची बेरीज सेहेचाळीस, सेहेचाळिसाचे दहा, दहाचा एक. म्हणून ज्यानं भागलं त्याचा ताळा, गुणिले उत्तराचा ताळा, अधिक बाकी, यातून शेवटी एक उरलाच पाहिजे. साताच्या भागाकारात उत्तर आलं सतरा कोटी त्रेसष्ट लाख सहासष्ट हजार आठशे एक्केचाळीस. त्याचा ताळा सहा. साता सक बेचाळीस, त्याचे सहा, वर बाकी चार, झाले दहा. दहाचा एक. बरोबर!

देवूला याचं वेड लागलं. मधल्या सुट्टीची घंटा दिली की तो वही घेऊन माठापाशी बसायचा. एक आला नाही तर वही सरांपुढे धरून नुसता उभा राहायचा, आणि सर म्हणायचे, "चुकलो का देवूराव? आणा इकडे." शाळेत त्याला देवूराव म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. बाईसुद्धा देवूच म्हणत.

एकोणनव्वदच्या दिवाळीत सर छातीत दुखायचं निमित्त होऊन गेले. एकतीस हजार सहाशे सातपर्यंत पोचले होते. राहिलेले तीनशेचाळीसेक भागाकार बाईंनी पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पुरे केले. शेवटच्या भागाकारालाही बाकी उरली तेव्हा त्या खुर्चीत बसून रडल्या, आणि त्याचा त्यांना स्वतःलाच राग आला. मग बावीसच्या बावीस वह्या त्यांनी शाळेच्या कपाटात ठेवायला सबनीस सरांच्या हवाली केल्या. सबनीसांनी त्या भिंतीशी ओल धरलेल्या कपाटात कोंबल्या आणि विसरले. वर्षानं कपाट उघडलं तर आत वाळवी. वह्यांच्या जागी ओलसर, वळवळणारा लगदा. बाईंनी त्यात हात घातला होता. ती वळवळ त्यांच्या बोटांवरून महिनाभर गेली नाही.

सबनीस म्हणाले होते, "जाऊ द्या हो बाई, जुने कागद."

तर साडेपाच वर्षांच्या त्या कामाचं जगात आता काही म्हणता काही उरलेलं नव्हतं. उरणार होती ती एवढी पाटी. ती तरी बिनचूक लागावी, याहून बाईंचं दुसरं मागणं नव्हतं.

"शेठ, नीट ऐका," बाई म्हणाल्या. आवाज चढलाच. "ज्या संख्येच्या अंकांची बेरीज नवावर येते, तिला नवाचा भाग जातोच जातो. भाग गेला की ती मूळ राहत नाही. तुम्हाला हवी तसली मूळ संख्या जगात नाही. काल नव्हती, उद्याही नसणार. तुमच्या त्या नवाला खूश करायला मी सरांचं नाव बुडवू का?"

"मग याची बेरीज एक. एक म्हंजे एकटा माणूस, बाई. त्याला घरदार नाय, बरकत नाय."

"बरकत!" बाई उभ्या राहिल्या. "सबनीस सर, संख्या आहे तशी लागेल. नाहीतर सरांचं नावही लावू नका. खोलीला खुशाल ट्रकचा नंबर द्या."

मग अनंता शेठ हात जोडून हसले. "रागावू नका, बाई. तुमी शिकलेली मानसं. तुमी म्हणाल तसं."

बाईंना वाटलं, आपण जिंकलो. घरी जाईपर्यंत त्यांच्या डोक्यात तेच घोळत होतं, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना स्वतःचं जरा कौतुक वाटलं. तिथंच त्या फसल्या.

पुढच्या शुक्रवारी नववीचा तास चालू असताना सबनीस सर स्वतः वर्गाच्या दारात आले. पाटीवाल्याकडून कच्चा कागद आला होता, त्यावर बाईंची सही हवी होती, आणि ती लगेच हवी होती. बाईंनी खडूच्या हातानं कागद धरला. अवधूतमधला धू दीर्घ आहे ना, ते पाहिलं. रणदिवेमधला दि ऱ्हस्व आहे ना, ते पाहिलं. जन्माचं साल, मृत्यूचं साल. खाली संख्या. एक दोन तीन चार पाच सहा सात आठ नऊ. यात चुकणार काय, कपाळ? मागच्या बाकावर कुणीतरी कुणाला चिमटा काढला, बाई तिकडे खेकसल्या, आणि खेकसता खेकसता त्यांनी सही केली.

समारंभ रविवारी सकाळी होता. नव्या खोलीत रंगाचा वास, अत्तराचा वास, झेंडूच्या माळांचा वास, आणि खिडकीखाली आदल्या दिवसापासून तुंबलेल्या गटाराचा वास. मुलांना पांढऱ्या कपड्यांत भिंतीशी उभं केलेलं. सरांच्या पत्नी सुचेतावहिनी पुढच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर शाल आणि नारळ. अनंता शेठनी दोरी ओढली. पाटीवरचं रेशमी कापड खाली पडलं.

१२३४५६७८९.

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. नवापुढे गुळगुळीत पांढरा दगड होता. शेवटचा एक नव्हता.

पदर तोंडाशी धरून त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. शेजारी अनंता शेठ सबनीसांच्या कानाशी लागून हळू आवाजात सांगत होते, आणि बाईंना शब्दन् शब्द ऐकू येत होता. "पाटीवाल्याला बोललो, तो मागचा एक छाट. पंचेचाळीस झाले. पाच न् चार नऊ. बाईंचं पण राहिलं, आपलं पण राहिलं." सबनीसांनी मान डोलावली. त्यांना माहीत होतं. त्या मेल्याला सगळं माहीत होतं!

"आता टिपणीस बाई दोन शब्द बोलतील," सबनीस म्हणाले.

बाई फळ्याकडे गेल्या. नवाकोरा फळा, पहिलाच खडू. एक शब्द न बोलता त्यांनी पाटीवरची संख्या फळ्यावर लिहिली आणि तिला नवानं भागायला सुरुवात केली. बारातून नऊ गेले, राहिले तीन. तेहेतीस, चौसष्ट, पंधरा. पाठीमागे कुजबुज थांबली. शेवटी उत्तर आलं एक कोटी सदतीस लाख सतरा हजार चारशे एकवीस, आणि खाली बाईंनी भलंमोठं शून्य काढलं.

"बाकी शून्य," त्या वळून म्हणाल्या. "पूर्ण भाग गेला. ही संख्या..."

त्यापुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही. अनंता शेठनी टाळी वाजवली आणि मग सगळ्या खोलीनं वाजवली.

"बगा!" शेठ उठून ओरडले. "बाईंनी सोता करून दाखवलं. नवानं पुरा भाग गेला, मागं काय सुद्धा शिल्लक नाय! याला म्हंतात आकडा!"

टाळ्या थांबेनात. भिंतीशी उभी असलेली पोरं, त्यांचीच पोरं, दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होती, कारण हेडमास्तर वाजवत होते. बाईंनी ओरडून सांगायचा प्रयत्न केला की अहो, भाग गेला हेच तर वाईट, सरांच्या संख्येला भाग जात नव्हता. तेवढ्यात सुचेतावहिनींनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

"जाऊ द्या ना, विद्युल्लता. माणूस गेला माझा, एक आकडा गेला तर काय मोठंसं. शोभा नका करू."

बाईंनी हात सोडवून घेतला. किळस आली त्यांना. शेठची आली, सबनीसांची आली, त्या शालीची आली, टाळ्यांची आली. या असल्या लोकांत आपण आयुष्य घालवलं, शी! पण सगळ्यांत जास्त किळस ज्या गोष्टीची येत होती तिच्याकडे त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

साडेअकरापर्यंत सगळे पांगले. नव्या खोलीत बटाटेवड्याचे तेलकट कागद, चुरगळलेल्या माळा, आणि कोपऱ्यात, नव्या भिंतीवर, कुणीतरी मारलेली पानाची पिचकारी. देवू खराट्यानं कागद गोळा करत होता. बाई पाटीसमोर उभ्या होत्या. देवू झाडत झाडत जवळ आला आणि थांबला.

"बाई, एक विचारू का?"

"विचार."

"सरांचा ताळा एक हाय ना?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. पन्नाशीचा माणूस, हातात खराटा, आणि चेहरा असा की जणू त्याच्याच हातून काहीतरी फुटलंय.

"एकच आहे."

"ह्याचा तं शून्य येतो. पाटीवाल्याचा कागद मीच आणला व्हता गुरवारी. रस्त्यातच ताळा केला. हेडसरांना बोललो, सायेब, ह्यात सरांचा एक न्हाय. ते बोलले, तू पाणी भर."

"अरे, मग मला का नाही सांगितलंस?" बाई कडाडल्या. "मी वरच्याच मजल्यावर होते ना! हेडसर गेले खड्ड्यात, तू माझ्याकडे यायचं! तोंड शिवलं होतं का तुझं?"

देवूनं खराटा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"येनार व्हतो. पन शुक्रवारी तोच कागद हेडसरांनी परत दिला, नाक्यावर पोचवायला. त्यावर तुमची सही व्हती."

बाईंनी बोटांना लागलेल्या खडूकडे पाहिलं.

"मी बोललो, बाई चुकायच्या न्हाईत. माझाच ताळा चुकत असंल. खोलीवर जाऊन परत केला, धा येळा केला. शून्यच. मंग वाटलं," त्यानं मान खाली घातली, "पाच वर्सं मी सरांच्या वह्यांत खोटंच एक एक लिवत गेलो का काय. वह्या बी न्हाईत आता बघायला. दोन दिस जेवान ग्वाड लागलं न्हाय, बाई."

बाहेर कुठल्या तरी कारखान्यातले माग रविवार असूनही खडखडत होते. बाई त्या आवाजात उभ्या राहिल्या. अनंता शेठना बेरीज ठाऊक होती, ताळा नव्हता. सबनीसांना ठाऊक असून पर्वा नव्हती. वहिनींना कशाचंच सोयरसुतक नव्हतं. सगळ्या शाळेत ज्या एका माणसानं कागद बघितल्या बघितल्या चूक पकडली, त्याला खोटं पाडलं होतं ते त्यांच्या सहीनं. खडूच्या हातानं, खेकसता खेकसता केलेल्या सहीनं. आता मात्र त्यांना स्वतःची जी किळस आली, तिच्यापुढे सकाळचं सगळं काहीच नव्हतं.

"तुमचा ताळा बरोबर होता," त्या म्हणाल्या. "तेव्हाही आणि आत्ताही. मी न बघता सही केली. छिन्नी-हातोडी आहे का हो, देवूराव?"

देवूनं मान वर केली. "हाय. नळाच्या कामाची."

"आणा. आणि एक स्टूल आणा."

देवू म्हणाला, मी करतो, बाई, तुमच्या हाताला सवय न्हाय. बाई म्हणाल्या, तुम्ही केलंत तर तुमची नोकरी जाईल, तुम्ही स्टूल धरा. पदर खोचून त्या स्टुलावर चढल्या. दगड कठीण होता. पहिला घाव निसटला, दुसऱ्यानं कपची उडून चष्म्यावर आपटली. अंगठ्याला हातोडी लागली तेव्हा त्यांनी एक शिवी दिली, जी देवूनं त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. पाऊण तास लागला. एक निघाला तो वाकडा, बाकीच्या आकड्यांहून बसका, आणि त्यात काळा रंगही नव्हता. पण होता एकच.

देवूनं खालूनच एकेका आकड्यावर बोट नाचवत बेरीज केली. "सेहेचाळीस. दहा. एक." आणि खुदकन हसला.

सोमवारी दुपारी व्यवस्थापनाचं पत्र आलं. देणगीदारांच्या पाटीचं विद्रूपीकरण कुणी केलं, त्याचा लेखी खुलासा चोवीस तासांत द्यावा. सबनीस सरांनी पत्र देताना डोळे वर केले नाहीत. एवढंच पुटपुटले, "बाई, शिपायाचं नाव टाका आणि मोकळ्या व्हा. तीन वर्षांवर तुमचं पेन्शन आलंय."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांना शिवण्यापेक्षा वाळवीच्या लगद्यात त्यांनी सुखानं हात घातला असता. मग माठापाशी गेल्या, देवूच्या शेजारी बाकावर बसल्या, आणि तिथंच खुलासा लिहिला. पाटीच्या कच्च्या कागदावर सही माझी होती. चूक माझी. दुरुस्ती माझी. खाली संख्या लिहिली, १२३४५६७८९१, आणि त्याखाली सही केली. सहीखाली आणखी एक ओळ लिहिली: ताळा तपासणार, देवू वाघ्या वरठा.

"तुम्ही काही केलेलं नाही, हे वर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "हे फक्त ताळ्याचं. नको असेल तर खोडते."

देवूनं ओला हात सदऱ्याला पुसला आणि कागद मांडीवर घेतला. पेन लगेच घेतलं नाही. आधी संख्येवर बोट ठेवलं, पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत सावकाश बेरीज केली, एक आला, आणि मग सही केली.